दावा लावायच्या आधीचे ५३ दिवस

९ जानेवारी २०२५ ला रात्री साडेनऊला मामांचा फोन आला आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम "अरे, मला केस करायचीय." मामा म्हणजे आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला माणूस, त्यामुळे मी आधी बीपीची गोळी घेतली का ते विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या जुन्या मित्राचा मुलगा, लहानपणापासून घरात येणारा-जाणारा, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप काढलेलं, त्याला मामांनी २०२२ मध्ये तीन वेळा मिळून ४ लाख १० हजार रुपये हातउसने दिले होते, त्यातले ४० हजार आले आणि पुढे फोन उचलणं बंद. त्या दिवशी एका तेराव्याच्या जेवणाला दोघं समोरासमोर आले तर हा पठ्ठ्या ओळख न दाखवता ताट घेऊन पलीकडच्या खोलीत जाऊन बसला, आणि मामांना पैशांपेक्षा ते ताट जास्त लागलं होतं.

मी वकील नाही, एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. पण दावा दाखल व्हायच्या आधीच्या टप्प्यात मीच फाइल घेऊन फिरलो, आणि त्यात एक चूक माझीही निघाली (ती पुढे येईलच), म्हणून प्रकरण जसं घडलं तसं लिहून काढतोय. नावं-गावं वगळलीयत.

शनिवारी ११ तारखेला वकील मॅडमकडे गेलो. मामांनी अर्धा तास सगळी कहाणी सांगितली, त्याच्या वडिलांचं आजारपण, ह्याला शाळेत कसं सोडायला जायचे वगैरे, मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही आणि शेवटी फक्त एवढंच विचारलं, "काका, पहिले पैसे कुठल्या तारखेला दिले?" मामा म्हणाले होळीच्या आसपास. मॅडम म्हणाल्या, कुठल्या वर्षीची होळी, आणि आसपास म्हणजे आधी की नंतर? मामा माझ्याकडे बघायला लागले. मग मॅडमनी एक कोरा फुलस्केप कागद माझ्यापुढे सरकवला, म्हणाल्या पासबुक बघून फक्त तारीख, रक्कम, कशाने दिली आणि त्याचा कागद काय एवढं लिहून आणा, कहाणी मला आता कळली.

तो एक कागद बनवायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि माझ्या मते अख्ख्या तयारीतलं सगळ्यात मोठं काम तेच होतं. कागदावर आलं ते असं: १४ मार्च २०२२, दोन लाख, एनईएफटी. मग दीड लाखाचा चेक, दिला ५ ऑगस्ट २०२२ ला, मामांच्या खात्यातून वटला ८ ऑगस्टला. ३ नोव्हेंबर २०२२, साठ हजार रोख, पावती नाही. मग त्याच्याकडून २० जानेवारी २०२३ ला २५ हजार आणि १४ जुलै २०२३ ला १५ हजार, दोन्ही यूपीआयने. संपलं.

मॅडमनी कागद बघितला आणि पहिल्या ओळीभोवती गोल केला. मुदत कायदा १९६३ प्रमाणे उसने दिलेल्या पैशाच्या वसुलीला तीन वर्षं मिळतात, ती पैसे दिल्या दिवसापासून मोजतात, चेकने दिले असतील तर चेक वटला त्या दिवसापासून. "मागेन तेव्हा दे" असं ठरलेलं असलं तरी मोजणी दिल्या दिवसापासूनच, मागितल्या दिवसापासून नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते, आमचीही तीच होती, मामा धरून चालले होते की आपण मागायला लागलो २०२३ मध्ये म्हणजे २०२६ पर्यंत निवांत आहोत. म्हणजे दोन लाखांची मुदत १४ मार्च २०२५ ला संपत होती. आणि जानेवारी सुरू होता. आणि गंमत म्हणजे १४ मार्च २०२५ ला धुळवड, कोर्टाला सुट्टी. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दावा लावता येतो अशी सोय कलम ४ मध्ये आहे, पण मॅडम म्हणाल्या, "ती सोय अडल्या-नडल्याला असते, तिच्या भरवशावर आपण झोपायचं नाही."

मी जरा शहाणपणा केला, म्हटलं उशीर झालाच तर माफीचा अर्ज देता येतो ना, मी कुठेतरी वाचलंय. येतो, पण अपिलाला आणि काही अर्जांना, मूळ दाव्याला ते कलम ५ लागूच होत नाही. आणि समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने स्वतःहून बघायचा असतो, कलम ३. म्हणजे एक दिवस चुकला की दोन लाख गेले, समोरचा गप्प बसला तरी गेले.

मग मी यूपीआयची गोष्ट काढली. त्याने २०२३ मध्ये पैसे दिलेत, म्हणजे कर्ज मान्य केलं, मग तिथून नवीन तीन वर्षं का नाही? कायद्यात हे आहे, कलम १९, अंशतः परतफेड केली की मुदत नव्याने सुरू होते, पण त्याला एक शेपूट आहे, त्या परतफेडीची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी लेखी हवी. यूपीआयच्या नोंदीत हस्ताक्षर कुठलं? युक्तिवाद करता येतो, मॅडम म्हणाल्या, करूही, पण हातात मुदत शिल्लक असताना युक्तिवादावर कशाला जगायचं. व्हॉट्सॲपचंही तेच. १७ डिसेंबर २०२३ चा त्याचा मेसेज होता, "काका तुमचे पैसे बुडवणार नाही मार्चपर्यंत सगळे देतो". कर्ज मान्य असल्याची सहीनिशी लेखी कबुली मुदतीच्या आत मिळाली तर कलम १८ खाली मुदत वाढते, रक्कम लिहिलेली नसली तरी चालते, पण मेसेज म्हणजे सही का, इथे परत वाद. पुरावा म्हणून मेसेज सोन्यासारखा, मुदत वाढवायला मात्र टेकू म्हणूनच धरायचा. हा फरक कळायला मला वेळ लागला, एकच कागद एका कामाला भक्कम आणि दुसऱ्या कामाला लटका असू शकतो.

तर ठरलं, काहीही झालं तरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात दावा दाखल. उरलेले सगळे निर्णय त्या तारखेवरून उलटे मोजून झाले.

आता मामांची डायरी. बँकेने फुकट दिलेली २०२२ ची डायरी, त्यात दूध, पेपर, गॅस आणि मधेच "रोख ६०" असं त्याच्या नावापुढे निळ्या पेनने. मागे शेवटच्या पानावर लाल पेनने एक हिशेब, "२ टक्के धरले तर" असं लिहून महिन्याला किती, वर्षाला किती, खाली दोनदा अधोरेखित केलेला आकडा. मी डायरी बघून म्हटलं मामा, हे फार गिचमिड आहे, एका वहीत नीट तारीखवार उतरवून काढू आणि ते लाल पान फाडून टाकू. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुर्चीत आक्रसलो. "उतरवलेल्या वहीची किंमत शून्य, आणि पान फाडलं की शिवणीतून समोरचं जोडीचं पान सुटतं, उलटतपासात पहिला प्रश्न तोच येणार. डायरी आहे तशी पिशवीत घाला आणि कुणी हात लावू नका." एरवी मी रोज ऑफिसात रफ एंट्र्या फेअर करतो, त्यामुळे हात शिवशिवत होता, पण इथे गिचमिड हाच खरेपणा.

लाल पानावर मात्र मॅडम थांबल्या. व्याज ठरलं होतं का? मामा म्हणाले छे, हे मी गेल्या वर्षी रागाच्या भरात मांडून बघितलं, त्याला कधी बोललो नाही. अजून कुणाकुणाला पैसे दिलेत? भाचीच्या फीला तीस हजार, शेजारी दवाखान्यासाठी पंधरा, दोन्ही बिनव्याजी, दोन्ही परत आले. हे विचारायचं कारण मला नंतर कळलं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ आहे, त्यात परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणाऱ्याला कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही. ओळखीत अधूनमधून बिनव्याजी उसने देणं म्हणजे सावकारी नव्हे, पण शेकडा दोन महिना असा दर आपणच दाव्यात लिहिला असता तर समोरच्या वकिलाला आयतं कोलीत मिळालं असतं. मामांच्या डोक्यातली मागणी होती ४ लाख १० हजार अधिक महिना दोन टक्के, ती तिथल्या तिथे संपली. मामांना ते पटायला दोन दिवस गेले, मामी मात्र लगेच म्हणाल्या, "मुद्दल आलं तरी सत्यनारायण घालू."

मुद्दलाचा हिशेब तरी सोपा असेल ना, तर तोही नाही. आलेले ४० हजार नेमक्या कुठल्या रकमेतून वजा करायचे? कुणीच काही सांगितलेलं नसेल तर करार कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे ते सगळ्यात जुन्या कर्जात वळते करायचे. म्हणजे पहिल्या दोन लाखांचे उरले एक साठ, अधिक दीड लाख, अधिक साठ हजार, एकूण ३ लाख ७० हजार. बरं, व्याज पूर्णच सोडायचं का, तर नाही. व्याज कायदा १९७८ मध्ये असं आहे की व्याजाचा लेखी करार नसला तरी समोरच्याला लेखी नोटीस देऊन व्याज मागणार असं कळवलं तर त्या तारखेपासून दावा लावेपर्यंतचं व्याज कोर्ट देऊ शकतं. पुढचं व्याज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ खाली, आणि व्यवहार धंद्याचा नसेल तर हुकूमनाम्यानंतर वर्षाला जास्तीत जास्त ६ टक्के. म्हणून नोटिशीत "व्याज आकारण्यात येईल" हे वाक्य मुद्दाम हवं. आम्ही वर्षाला ९ टक्के लिहिलं, कोर्ट किती देईल ते कोर्ट बघेल.

मध्येच मामींनी कपाट आवरायला काढलं आणि पैठणीच्या घडीत एक चेक सापडला. त्याचाच, त्याच्या सहीचा, ३० डिसेंबर २०२२ तारखेचा, साडेतीन लाखांचा. मामांना त्याने "ठेवा काका, मी सांगेन तेव्हा भरा" म्हणून दिलेला आणि मामांनी तो खरंच त्याच्या सांगण्याची वाट बघत ठेवून दिलेला. मी कपाळावर हात मारला. चेक तीन महिनेच चालतो, तेव्हाच भरून परत आला असता तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस देऊन कलम १३८ ची फौजदारी तक्रार करता आली असती, तो रस्ता केव्हाच बंद झालेला. पण मॅडम खूश झाल्या. सही आहे, रक्कम आहे, तारीख आहे, आणि साडेतीन म्हणजे बँकेतून गेलेल्या दोन रकमांची बेरीज तंतोतंत.

आणि मग त्यांनीच दुसरी बाजू दाखवली. रोख साठ हजार नोव्हेंबरमध्ये दिले म्हणता, मग डिसेंबरच्या चेकमध्ये ते का नाहीत? समोरचा हेच म्हणणार, रोख कधी घेतलेच नाहीत. मामा एकदम गप्प झाले, मग म्हणाले, तो म्हणाला होता रोखीचे रोखच देतो.

रोखीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. एक पर्याय होता साठ हजार सोडून द्यायचे आणि निव्वळ चेकच्या आधारावर दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ३७ चा समरी (झटपट चालणारा) दावा करायचा, त्यात प्रतिवादीला १० दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचाव करायलाही कोर्टाची परवानगी लागते, प्रकरण लवकर हलतं. पण त्यात लेखी आधार नसलेली रक्कम घुसवता येत नाही. आणि साठ आत्ता सोडले तर पुढे वेगळा दावा लावताना ऑर्डर २ नियम २ आडवा येईल, एकाच कारणातून निघणारी सगळी मागणी एकदम करायची, सोडलेली मागून मागता येत नाही. हे तीन वेगळे व्यवहार आहेत म्हणून वेगळा दावा चालेल असं म्हणता आलं असतं, पण परत तेच, युक्तिवाद. मामा हट्टाला पेटले, म्हणाले दिलेत म्हणजे दिलेत. मग आधार शोधला. पासबुकात २ नोव्हेंबर २०२२ ला ५० हजार काढल्याची नोंद मिळाली, वरचे दहा घरातले. आणि मामी त्या वेळी समोर होत्या. मॅडमनी मामींना एकटीला बसवून विचारलं, मामा आणि मी बाहेर बाकड्यावर. मामींना तारीख आठवली नाही, रक्कमही "पन्नास-साठ" एवढीच, पण म्हणाल्या त्याने मोजताना एक पाचशेची फाटकी नोट बाजूला काढली, ती मी आत जाऊन बदलून आणली. बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, ह्यांना काहीही पढवू नका, तारीख तर अजिबात सांगू नका. साठ हजार दाव्यात राहिले, दावा साधा राहिला. (वीस हजार किंवा त्याहून जास्त उसने पैसे रोखीत घ्यायला आयकर कायदा १९६१ च्या कलम २६९ एसएस ची बंदी होती, पण दंड घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही. मामा त्या भीतीनेही एक रात्र जागले.)

नोटीस २२ जानेवारीला गेली. खासगी माणसाकडून पैसे वसुलीला नोटीस सक्तीची नसते, सरकारविरुद्ध असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची द्यावीच लागते, पण आम्हाला व्याजासाठी हवी होती आणि तो काय म्हणतो ते ऐकायचंही होतं. पाठवायच्या आधी पत्ता बघून या म्हणून मॅडमनी मला पिटाळलं. गेलो तर घराच्या दारावर भलत्याच आडनावाची पाटी, भाडेकरू म्हणाले ते दीड वर्षापूर्वी गेले. वर्कशॉप मात्र सुरू, बाहेर ग्रिलला प्रायमर लावत एक पोरगा बसलेला, आणि शटरवर मोबाइल नंबरासकट त्याचं नाव. फोटो काढला, दोन्ही पत्त्यांवर स्पीडपोस्ट. घरची परत आली, वर्कशॉपची २५ तारखेला पोचली. नुसत्या घरच्या पत्त्यावर पाठवली असती तर दाव्याचं समन्सही त्याच बंद दारावर हेलपाटे घालत बसलं असतं.

१५ दिवस द्यायचे होते, तेराव्या-चौदाव्या दिवशीच वकिलामार्फत उत्तर आलं. आणि ते वाचून मी हादरलो. रोख घेतली नाही हे अपेक्षित होतं. पण बाकीचे साडेतीन लाख म्हणे उसने नव्हतेच, मामांनी वर्कशॉपमध्ये भागीदार म्हणून गुंतवले होते, धंद्यात तोटा आला, तोटा सगळ्यांचा, आणि पुरावा म्हणून एनईएफटीचा रिमार्क: "धंद्यासाठी".

तो रिमार्क मी टाइप केला होता. मार्च २०२२ मध्ये मामांना नेटबँकिंग जमत नव्हतं म्हणून त्यांच्या शेजारी बसून मी ट्रान्स्फर केला होता, रिमार्कचा रकाना रिकामा सोडायला जिवावर आलं म्हणून मामांना विचारलं काय लिहू, ते म्हणाले अरे धंद्यासाठी पाहिजेत त्याला, तेच लिहिलं. "हातउसने" लिहायला तेवढाच वेळ लागला असता. मामांना हे सांगताना माझी मान वर होत नव्हती, त्यांना मात्र आठवतही नव्हतं.

मॅडमनी शांतपणे उत्तर वाचलं, म्हणाल्या चांगलं झालं, दाव्यानंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलं, आणि साडेतीन लाख मिळाले हे त्याने लेखी मान्य करून टाकलंय. मग उलट बाजूने मांडणी झाली. भागीदारीचा करार कुठाय? नफ्याचा वाटा कधी दिला? भागीदाराला कुणी गुंतवणुकीएवढ्याच रकमेचा चेक लिहून देतं का? आणि "तुमचे पैसे बुडवणार नाही, सगळे देतो" असं भागीदाराला म्हणतात का? त्या दिवसापर्यंत चेक आणि मेसेज हे इतर कागदांसारखे दोन कागद होते, आता दावा त्यांच्यावरच उभा राहिला.

म्हणून मग मेसेजच्या मागे लागलो. तो मामांच्या जुन्या फोनमध्ये, ज्याचा डिस्प्ले गेलेला, आणि नव्या फोनवर बॅकअप घेतलेलाच नव्हता. पहिल्या दुकानात म्हणाले रीसेट मारावा लागेल, मी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. दुसऱ्याने नुसता डिस्प्ले बदलला आणि चॅट जागेवर होतं. नुसती स्क्रीनशॉटची प्रिंट कोर्टात पुरत नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम ६३ खाली ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट लागतं, भाग अ आपला आणि भाग ब तज्ज्ञाचा, त्यात हॅश व्हॅल्यूसुद्धा (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा) लिहायची. पूर्वी हेच ६५ब होतं, आणि ते सर्टिफिकेट सक्तीचं की नाही याचा निकाल सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला दिला तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादातला, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. त्यातच असंही आहे की मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून कोर्टात दाखवलं तर सर्टिफिकेटची गरज नाही. आम्ही दोन्ही केलं, सर्टिफिकेट घेतलं आणि फोन बंद करून डायरीच्या पिशवीत ठेवला. बँकेचं स्टेटमेंटही डाउनलोड केलेलं चाललं नसतं, बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट १८९१ प्रमाणे दाखला असलेलं हवं होतं, त्यासाठी शाखेत चार फेऱ्या, शेवटच्या फेरीला मामा स्वतः येऊन काउंटरसमोर नुसते उभे राहिले तेव्हा मिळालं.

दावा कुठल्या कोर्टात हा प्रश्न मला वाटला होता तेवढा अवघड नव्हता. प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा व्यवहार जिथे झाला तिथे, असे पर्याय असतात, मामांना आपल्याच गावचं कोर्ट सोयीचं वाटत होतं. मॅडमनी वर्कशॉपच्या तालुक्याचं निवडलं, म्हणाल्या समन्स तिथेच बजावायचंय आणि उद्या दरखास्त लावून वसूल करायची वेळ आली तर तीही तिथेच. हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नसतं हे मामांना तिथे पहिल्यांदा कळलं. हुकूमनाम्याच्या दरखास्तीला १२ वर्षं मिळतात म्हटल्यावर त्यांनी स्वतःचं वय मोजलं. मग मी त्याचा सातबारा ऑनलाइन काढला, तीन भावांच्या नावावर शेत, त्यात ह्याचा हिस्सा. वर्कशॉपची जागा भाड्याची. वेल्डिंग मशिनवर मामांचा डोळा होता, पण कारागिराच्या हत्यारांना त्याच संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून सूट आहे, वर्कशॉपची मशिनं त्यात बसतात का हा वाद झाला असता. तर जे काही आहे ते शेतातला हिस्सा, तो विकायला काढल्याचं कानावर आलं तर निकालाआधी जप्तीचा अर्ज ऑर्डर ३८ नियम ५ खाली करू असं ठरलं, आत्ता नाही, कारण नुसत्या संशयावर तो मिळत नाही. हा व्यापारी दावा धरला गेला तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची (व्यापारी न्यायालय कायदा, कलम १२अ) हेही त्यांनी तपासलं, हातउसने पैसे त्यात येत नाहीत.

वादपत्राचा (कोर्टात दावा मांडायच्या लेखी अर्जाचा) पहिला मसुदा मी लिहिला, कारण मला वाटलं कहाणी मला सगळ्यात चांगली माहितीय. नऊ पानं झाली. त्यात तेरावं होतं, ताट होतं, "विश्वासाला काळिमा" दोनदा होतं. मॅडमनी पेन्सिलीने कापत कापत साडेतीन पानांवर आणलं. वादपत्रात घडलेल्या मुख्य गोष्टी लिहायच्या, त्यांचा पुरावाही नाही आणि त्यावरचं भाष्य तर नाहीच. कोण, कुठे राहतो, कधी किती दिले, किती आले, दाव्यास कारण कधी कधी घडलं, ह्या कोर्टाला अधिकार का, किंमत किती, मागणी काय, आणि कागदांची यादी. लाल पानाबद्दल एक वाक्य मात्र त्यांनी स्वतः घातलं, व्याज ठरलेलं नव्हतं आणि वादीने ते कधी घेतलेलं नाही. मामांनी सत्यापनावर आणि प्रतिज्ञापत्रावर सही करायच्या आधी साडेतीन पानं दोनदा वाचली आणि विचारलं, "ह्यात मी त्याला शाळेत सोडायचो ते नाही?" नाही म्हटलं. मग सही केली.

३ मार्चला, सोमवारी, दाखल करायला गेलो. कोर्ट फी महाराष्ट्राच्या १९५९ च्या कायद्याप्रमाणे मागणीच्या रकमेवर, साठ हजारांसाठीची फी मामांनी वेगळी काढून आणली होती का कुणास ठाऊक, पण नोटा दोन घड्यांत होत्या. तिथल्या क्लार्कने कागद चाळून दोन त्रुटी काढल्या, एका जोडकागदावर पान नंबर नाही आणि पत्ता पुरसिस (पत्ता कळवणारं लेखी निवेदन) राहिलेली. ती तिथेच बाकावर बसून लिहिली, खिडकीवर परत रांग. वकीलपत्र, यादी, प्रतिवादीसाठी वादपत्राची आणि कागदांची प्रत, सगळं टाचून आत गेलं. दावा रजिस्टर होऊन सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) मोबाइलवर दिसला तेव्हा धुळवडीला अजून काही दिवस बाकी होते.

बाहेर चहा घेताना मामांनी विचारलं आता पुढे काय. मॅडम म्हणाल्या समन्स निघेल, पोचल्यावर त्याला लेखी कैफियतीला (दाव्याला उत्तर द्यायला) ३० दिवस, कोर्टाने वाढवले तर ९० पर्यंत, आणि मधे लोकअदालतीत मिटलं तर कोर्ट फी परत मिळते. मामांनी लोकअदालतीचं परत एकदा समजावून घेतलं. मग डायरी आणि फोनची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले तुझ्याकडेच ठेव, माझ्याकडे राहिली तर मी ते लाल पान फाडीन.